दोनशे दिवसांची रेघ

दारव्हा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं कापडाचं दुकान आहे. साड्या, शर्टपीस, तयार कपडे, जूनमध्ये शाळेचे गणवेश. कापड चिमटीत धरलं की दुसऱ्या धुण्यात आटेल का, हे मी सांगू शकतो. पंचवीस वर्षं हेच केलं. आणि फसलो तो कपडेच विकणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये. २ लाख ३८ हजार रुपये गेले. बायको त्या दिवशी एवढंच म्हणाली, "दुसऱ्या कोणत्या धंद्यात फसले असते तं समजलं असतं."

कंपनीचं किंवा माणसाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. तसंही नाव कळून फार उपयोग नाही, ते दर सहा महिन्यांनी बदलतं. डाव तोच राहतो, म्हणून डाव सांगतो.

२०२४ च्या मे महिन्यात भाचा मला यवतमाळला एका क्लासला घेऊन गेला. मंगल कार्यालयाचा हॉल, ४,००० रुपये फी, दोन दिवस, दुपारी जेवण. शिकवणाऱ्याला सगळे 'सर' म्हणत. खरं सांगायचं तर माणूस शिकवायचा चांगला. शेअरचे मागच्या २०० दिवसांचे, रोज बाजार बंद होतानाचे भाव घ्या, बेरीज करा, २०० ने भागा. उद्या नवा भाव आत येईल, सगळ्यात जुना बाहेर पडेल. रोजचा असा एक ठिपका काढून जोडत गेलं की रेघ तयार होते, तीच २०० दिवसांची मूव्हिंग ॲव्हरेज. बाजार वर्षात साधारण २५० दिवस चालतो, म्हणजे ही रेघ दहाएक महिन्यांचा हिशेब सांगते. भाव रेघेच्या वर असेल तर तब्येत ठीक, खाली गेला तर सावध. यात खोटं काही नव्हतं. जगभर लोक ही रेघ पाहतात.

मला तर ती फारच पटली. माझ्या दुकानात पोळ्याच्या आधी दोन-दोन दिवस भोवनी होत नाही आणि दिवाळीच्या आठ दिवसांत पाणी प्यायला फुरसत नसते. एका दिवसाच्या गल्ल्यावरून दुकान ठरवता येत नाही, वर्षाची सरासरीच पाहावी लागते. सर तेच सांगून राहिले, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पडद्यावर तो चार्ट आला. लहान शहरांत, तालुक्याच्या ठिकाणी कपड्यांची दुकानं काढणारी कंपनी. खाली निळी रेघ, कालव्यासारखी सरळ वर चढलेली, आणि तिच्या वर भाव. एकदाही रेघ तोडलेली नाही. "भाव रेघेजवळ आला की घ्यायचं, रेघ तोडेपर्यंत विकायचं नाही," एवढाच नियम. मग सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घेतलं.

मृगाच्या पेरणीच्या दिवसांत मी ५०० शेअर घेतले, ८४ रुपयांनी. दसऱ्याच्या सुमारास १,००० घेतले, ११२ ने. डिसेंबरात कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला घातला होता, दिवाळीचा गल्लाही हाती होता. त्यातले काही पैसे अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या कापड मार्केटातल्या व्यापाऱ्याला द्यायचे होते. ते थांबवले आणि १,५०० शेअर घेतले, १३८ ने. एकूण ३ लाख ६१ हजार. व्यापाऱ्याला फोनवर खोटं बोललो, तेही इथे लिहून ठेवतो.

मधल्या काळात एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरचा निर्देशांक, २७ सप्टेंबरला २६,२७७ वर जाऊन तिथून घसरायला लागली होती. चांगले चांगले शेअर खाली येत होते, आमचा मात्र रोज थोडा थोडा वर. मला त्यात कंपनीची ताकद दिसली. सगळ्या गावाचं पीक वाळत असताना एकाच्याच वावरात हिरवं दिसलं तर आपण विचारतो की बावा, पाणी कुठून आणलंस? इथे विचारलं नाही.

संक्रांतीला भाव १४७ होता. दुसऱ्या दिवशी लोअर सर्किट लागलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक्स्चेंज काही शेअरना दिवसाची मर्यादा घालून देतं, आमच्याला ५ टक्के होती. भाव तेवढा पडला की त्याखाली सौदा होत नाही. विकणारे लाखोंनी रांगेत आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. तुमचा शेअर तुमच्या डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात दिसतो, पण विकता येत नाही. मी रोज सकाळी ९ ला दुकानाचं शटर अर्धं उघडून आधी विक्रीची ऑर्डर टाकायचो. माझ्या पुढे कधी ४ लाख शेअर, कधी ६ लाख. १३९.६५, १३२.६५, १२६. आठव्या दिवशी ९७.५०.

त्या रात्री ग्रुपवर सरांचा मेसेज आला. भाव २०० दिवसांच्या रेघेवर आलाय, हाच आधार, ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी इथे भर घालावी. रेघ खरंच ९७ च्या आसपास होती. काही जणांनी घेतले. आमच्याच बाजूच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींनी घेतले. बाजार उघडला तसं पुन्हा सर्किट.

मला सगळ्यात जास्त छळलं ते या गोष्टीनं की भाव कोसळत होता आणि रेघ वर जात होती. मोबाइल बिघडला असेल म्हणून भाच्याला दाखवला. मग एका रविवारी वही घेऊन बसलो. ज्या दिवशी भाव ९७ होता, त्या दिवशी दोनशे दिवसांपूर्वीचा ५८ रुपयांचा भाव बेरजेतून बाहेर पडला. आत आले ९७, गेले ५८, फरक ३९. भागिले २००. म्हणजे रेघ जवळपास २० पैसे वरच जाणार! आजचा भाव दोनशे दिवसांपूर्वीच्या भावाच्या खाली गेल्याशिवाय ही रेघ वाकतच नाही. आमची वाकली तेव्हा भाव साठीत होता. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, पंचविसाव्या दिवशी खरेदीदार दिसले आणि माझे ३,००० शेअर ४१ ने गेले. रेघ तेव्हाही ९८ च्या आसपास होती.

काकाजींना हे सांगितलं. त्यांनी आयुष्यभर बैल घेतले-विकले. ते म्हणाले, "बापू, बैलबाजारात दोन दलाल आपसातच बोली वाढवतात, पाह्यलं नाही का? बैल एकाच मालकाचा रायते. तिसरा गडी 'भाव चढून राह्यला' म्हणून मधात पडते, अन् बैल त्याच्या गळ्यात."

मग जुने आकडे काढून पाहिले. एक्स्चेंजच्या साइटवर रोजचे सौदे फुकट दिसतात. सुरुवातीच्या महिन्यांत त्या शेअरचा दिवसाचा व्यवहार ३००-४०० शेअरचा होता. ४०० शेअर, ६० रुपये भाव, म्हणजे २४ हजार रुपये. एवढे पैसे दोन-तीन खात्यांत फिरवत राहिलं, याने त्याला थोड्या चढ्या भावात विकलं, त्याने याला, तर दहा महिन्यांत कालव्यासारखी सरळ रेघ तयार होते. पैसेही कुठे जात नाहीत, या खिशातून त्या खिशात. असंच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण आमचा ग्रुप भरला तसे रोजचे सौदे शेकड्यांवरून लाखांवर गेले. इतके दिवस कोणाला नको असलेले लाखो शेअर आम्हाला विकत कोण होतं? दर तिमाहीनंतर भागधारकांचा तक्ता जाहीर होतो. डिसेंबरअखेरच्या तक्त्यात मालकांचा वाटा ५४ टक्क्यांवरून ३१ वर आला होता. तो तक्ता आला तेव्हा आम्ही सर्किटात अडकलेलो.

आणि जे मला, कापडवाल्याला, पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं ते वार्षिक अहवालात होतं. विक्रीच्या मानानं येणं, म्हणजे गिऱ्हाइकांकडे थकलेली बाकी, सात-आठ महिन्यांचं. अरे, किरकोळीत कपडे विकणाऱ्या दुकानाचं एवढं येणं असेल कसं? गिऱ्हाईक पैसे देतं आणि पिशवी घेऊन जातं. उधारी आमच्यासारख्या खेड्यातल्या दुकानात असते, तीही कापूस निघेपर्यंत. नगदीच्या धंद्यात एवढी उधारी म्हणजे एक तर विक्री कागदावरची, नाही तर माल कुठे तरी भलतीकडेच गेलेला. शिवाय पडून असलेला माल दोन वर्षांत दुप्पट, दुकानं मात्र तेवढीच. पडून राहिलेलं कापड म्हणजे काय असतं हे मला कोणी शिकवायला नको, माझ्या माळ्यावर २०१६ चे सफारीचे पीस आहेत. नागपूरला गेलो तेव्हा त्यांच्या एका दुकानातही डोकावून आलो. शनिवारची संध्याकाळ, आत पोरं मोबाइल पाहत बसलेली. हे मी शेअर घेण्याआधी, एका एसटीच्या तिकिटात पाहू शकलो असतो.

सरांच्या मागे भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट होतं, एनआयएसएमचं. ते शेअर बाजाराच्या शिक्षणसंस्थेची परीक्षा पास झाल्याचं असतं, सल्ला देण्याचा परवाना नव्हे. शेअर सुचवणाऱ्याची सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी लागते. रिसर्च ॲनालिस्टचा नंबर आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने, आणि दोन्ही याद्या सेबीच्या साइटवर नावानिशी पाहता येतात. मी नंतर पाहिल्या. सर दोन्हींत नाहीत.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "भाऊ, शेअर तं तुम्हीच घेतले नं, तुमच्याच खात्यातून." चूक नाही त्यांची. कोणी खोट्या ॲपवर पैसे वळते करून घेतले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तातडीनं फोन करून रक्कम गोठवता आली असती. इथे प्रत्येक सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरची पावती होती, सगळं कायदेशीर दिसत होतं. सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकली. ग्रुपचे मेसेज, तारखा, फीची पावती, सगळं जोडलं. ज्यांनी मेसेज डिलीट केले त्यांच्याकडे जोडायला काही उरलं नाही, म्हणून राग आला तरी ग्रुप सोडण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

२ लाख ३८ हजार म्हणजे २०२४-२५ च्या हंगामातल्या ७,५२१ च्या हमीभावानं साडेएकतीस क्विंटल कापूस. आमच्या पाच एकरांत एका हंगामात तेवढा कधी निघाला नाही. व्यापाऱ्याचं देणं अजून हप्त्यानं फेडून राहिलो.

मागच्या महिन्यात भाचा म्हणाला, "मामाजी, हे पाहा." नवा ग्रुप, नवं नाव, बोलण्याची ढब तीच. या वेळी चपला-बुटांची कंपनी. खाली निळी रेघ. लिंकवरून मी आत गेलो आणि माझ्या वहीच्या पानाचा फोटो टाकला, आत ९७, बाहेर ५८, वाला. चार मिनिटांत मला काढून टाकलं. संध्याकाळी पुसदकडच्या एका कास्तकाराचा फोन आला, ग्रुपवर नंबर दिसला म्हणे. त्याने त्यातले दोनशे शेअर घेतले होते आणि अजून विकता येतात का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी दुकानातूनच पाहून सांगितलं. त्या दिवशी तरी येत होते.