कॅरो-कानचा पैसे भरून घेतलेला कोर्स : आठ महिन्यांनंतर

सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत वाढलो, ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, वहीत उतरवून शिकायची सवय. तरी यंदा एका ॲपवर १४९९ भरून काळ्याकडून खेळायच्या कॅरो-कान या ओपनिंगचा कोर्स घेतला. चाल चुकली की ॲप तीच परत परत विचारतं, त्यामुळे दोन महिन्यांत मेन लाइन्स तोंडपाठ झाल्या, हे मान्यच.

आता उंटाचं. ॲडव्हान्समध्ये, म्हणजे पांढरा ई-प्यादं पुढं ढकलतो त्या प्रकारात, ई४ सी६, डी४ डी५, ई५ उंट एफ५, इथवर सगळ्यांना येतं. गेल्या महिन्यात विश्रामबागला रॅपिड (कमी वेळेची स्पर्धा) खेळलो, समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा, त्यानं चौथी चाल एच४ टाकली, मी सवयीनं ई६ ढकलून घड्याळ दाबलं आणि त्यानं लगेच जी४. उंट ई४ वर, मग एफ३, उंट जी६ वर, मग एच५. झालं, उंट कोंडला. सी२ चं एक प्यादं तेवढं मिळालं. डाव संपल्यावर पोरगं हळूच म्हणालं, "काका, माझ्या एच४ ला तुम्ही एच५ टाकायचं की."

घरी येऊन सपोर्टला रागानं मेल केला की ही चालच कोर्समध्ये नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं, आहे. बघितलं तर खरंच अकराव्या चॅप्टरमध्ये एच४ ला एच५ दिलंय, आणि मी ते बरोबर सोडवूनही गेलो होतो! त्यामुळे तो आरोप मागं घेतो. पण ई६ का नाही, यावर एक ओळ नाही. अहो, ई६ ढकललं की उंटाची मागची वाट आपणच बंद करतो, एवढंच सांगायचं होतं! १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या रीमॅचमध्ये तालनं बोट्विनिकविरुद्ध हेच एच४ खेळलं, बोट्विनिकनं एच६ करून जी४ आल्यावर उंट डी७ ला नेला, कारण ई६ रिकामं होतं. हे कळलं असतं तर पाठ करायची गरजच नव्हती.

आता लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर फुकटात स्टडी, म्हणजे चालींची स्वतःची वही, बनवलीय. तिथल्या एक्सप्लोररमध्ये (खेळल्या गेलेल्या डावांच्या साठ्यात) रेटिंग निवडलं की आपल्या लेव्हलचे लोक खरंच काय खेळतात ते दिसतं, मग मी प्रत्येक चुकीची चाल मुद्दाम घालतो आणि खाली मराठीत कारण लिहितो. वेळ जातो, पण डोक्यात बसतं. ज्यांना ओपनिंग समजलंय आणि नुसता सराव हवाय त्यांनी ॲप खुशाल घ्यावं. मी ऑटो-पे बंद केलंय.