‘फीअल्टी’चं कूळ शोधायचं तर: ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी

इंग्रजी-मराठी कोश उघडला की लॉयल्टी, अलीजन्स, फिडेलिटी आणि फीअल्टी या चौघींपुढे बहुधा एकच शब्द सापडतो: निष्ठा. मी जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होते तेव्हा तेवढ्यावर काम भागायचं. निवृत्तीनंतर मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासाचं एक पुस्तक मराठीत आणायला घेतलं आणि त्यात पानोपानी ‘फीअल्टी’, म्हणजे सरदाराने राजाशी शपथेवर पत्करलेली निष्ठा, भेटायला लागली. तिथे नुसती निष्ठा पुरेना. त्या अडचणीत ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ ही साइट अक्षरशः हाताशी धावून आली. अमेरिकेतल्या डग्लस हार्पर यांनी उभा केलेला हा शब्दव्युत्पत्तीचा कोश आहे. वापरायला पैसे पडत नाहीत.

शब्द टाकला की नोंद येते ती आटोपशीर. फीअल्टी: इसवी सन 1300च्या सुमारास इंग्रजीत, जुन्या फ्रेंचमधून, त्यामागे लॅटिन ‘फिडेलितास’. म्हणजे फिडेलिटी आणि फीअल्टी या सख्ख्या बहिणी. एक लॅटिनचा चेहरा जपून आली, दुसरी फ्रेंच तोंडात झिजून आली. इथपर्यंत कुठलाही मोठा कोश सांगेल. या साइटची खरी श्रीमंती पुढे आहे. तिथून आद्य-भारोपीय (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी अशा भाषांची अनुमानाने मांडलेली पूर्वज भाषा) धातूच्या पानावर जाता येतं आणि ‘विश्वास ठेवणे’ अर्थाच्या त्या एका धातूतून निघालेली सगळी मंडळी एकत्र दिसतात. फेथ, कॉन्फाइड, फिड्यूशिअरी, फेडरल, बोना फाइड... आणि अ‍ॅफिडेव्हिट! नोकरीभर मी अ‍ॅफिडेव्हिटं भाषांतरित केली. तहसील कचेरीबाहेर टायपिंग करणाऱ्यापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला हा शब्द सरदाराने राजापुढे घेतलेल्या शपथेचा नातेवाईक निघावा, याचा मला झालेला आनंद मी इथे लपवणार नाही.

लॉयल्टीचं घराणं मात्र वेगळं. ती लॅटिन ‘लेक्स’ म्हणजे कायद्याकडून येते, म्हणून लीगल तिची बहीण. अलीजन्समध्ये ‘लीज’ दडलेला आहे, म्हणजे ज्याची चाकरी पत्करली तो धनी. चार शब्द, तीन घराणी. 6 मे 2023 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत चार्ल्स राजांच्या राज्याभिषेकात प्रिन्स विल्यम यांनी गुडघे टेकून जी शपथ घेतली, तिच्या एका वाक्यात लॉयल्टी, फेथ आणि लीज हे तिन्ही शब्द आहेत. साइटवरच्या नोंदी वाचून मग ती शपथ ऐकावी. आपल्याकडेही मंत्री शपथ घेतात तेव्हा संविधानाबद्दल ‘खरी श्रद्धा व निष्ठा’ बाळगण्याचं वचन देतात. मूळ इंग्रजीत तिथे ‘फेथ अँड अलीजन्स’ आहे. दोन शब्द का, हे मला या कोशामुळे नीट उमगलं.

नोंदीतल्या सनांबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण नवखा वाचक इथे हमखास गोंधळेल. 1300 म्हणजे तो शब्द इंग्रजी लिखाणात आढळू लागला तो काळ. ती प्रथा तेव्हा सुरू झाली असं नव्हे. 1086 साली विल्यम द काँकररने, म्हणजे इंग्लंड जिंकून घेणाऱ्या नॉर्मन राजाने, सॅलिसबरीला राज्यातले महत्त्वाचे जमीनदार गोळा केले आणि ‘इतर सर्व माणसांविरुद्ध आम्ही तुमच्याशी इमान राखू’ अशी शपथ त्यांच्याकडून घेतली. यात दुसऱ्या सरदारांच्या हाताखालची माणसंही होती, आणि या घटनेचं मोठेपण त्यातच आहे: मधल्या धन्याला ओलांडून इमान थेट राजाला बांधलं गेलं. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या इंग्रजीतल्या बखरीत हे नोंदलेलं आहे, पण तिथे फीअल्टी नाही. ‘होल्ड’ हा जुना इंग्रजी शब्द आहे, अर्थ एकनिष्ठ. म्हणजे शपथ आधी आणि फ्रेंच नाव नंतर, मध्ये दोनेकशे वर्षं. कोशातला सन आणि इतिहासातला सन शेजारी ठेवून वाचले की असं काही हाती लागतं.

वापराचं मार्गदर्शन हवं असेल तर हा कोश त्यासाठी नाही. त्याचा विषय उगम. वापरासाठी मी मेरियम-वेबस्टरचा ऑनलाइन कोश जोडीला ठेवते. तिथे उच्चार ऐकता येतो (फी-अल्-टी, पहिल्या अक्षरावर जोर) आणि समानार्थी शब्दांतले बारकावे फार नेमके दिलेत. फीअल्टी म्हणजे व्यक्तीने स्वतः कबूल केलेली, शपथेइतकी बांधून ठेवणारी निष्ठा. म्हणून तिच्यासोबत ‘स्वेअर’ (शपथ घेणे), ‘प्लेज’ (वचन देणे), ‘ओ’ (देणे लागणे) अशी क्रियापदं येतात. आजच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत पक्षनेत्यापुढे मान तुकवणाऱ्यांसाठीही हा शब्द दिसतो, आणि त्यात थोडी टीका असते. गिऱ्हाईक एकाच ब्रँडला धरून राहतं ती लॉयल्टी, जोडीदाराशी राखायची ती फिडेलिटी, देशाशी अलीजन्स. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी या जोड्या पाठ कराव्यात, फायदा होईल.

माझ्या पुस्तकात मी फीअल्टीसाठी ‘इमान’ घेतलं. निष्ठेपेक्षा ते मला जवळचं वाटलं, कारण इमानाच्याही मुळाशी श्रद्धाच आहे.

भाषांतर करणाऱ्यांनी, इंग्रजी शिकवणाऱ्यांनी आणि वकिली शिकणाऱ्यांनी ही साइट जरूर वापरावी. मजकूर सगळा इंग्रजीत आहे आणि भाषांच्या नावांची, काळाची संक्षिप्त रूपं भरपूर येतात, त्यामुळे पहिले काही दिवस सावकाश वाचावं लागेल. सुरुवात ‘फेथ’च्या नोंदीपासून करा. फीअल्टीपर्यंत तुम्ही आपोआप पोचाल.