असोसिएशनचा उन्हाळा: कार्यक्रम झकास, निरोप मात्र उशिरा

आमच्या असोसिएशनचे उन्हाळी कार्यक्रम यंदा खरंच भारी झाले, मुलांचे खेळ सकाळी लवकर आणि गच्चीवरचा पिक्चर अंधार पडल्यावर, म्हणजे १२ ते ४ च्या रणरणत्या उन्हात कोणालाच बाहेर काढलं नाही, हे डोकं कोणी लावलं माहीत नाही पण त्याला सलाम. ज्येष्ठांसाठी सावलीत खुर्च्या आणि पाण्याचा जार पण होता. घोळ फक्त अपडेट्सचा. टाकी धुणार, पाणी बंद, हा मेसेज ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात गाडला गेला आणि मी अंगाला साबण लावून बसलो! अरे, लिफ्टजवळ एक कागद चिकटवा ना, आजोबा लोक मोबाईल बघत नाहीत. पाचपैकी चार स्टार, एक त्या साबणाचा कापला.