बॉक्सिंग बघायचं तर तिकीट घ्यावं की महिना भरावा?

परवा दारव्ह्याच्या बाजारात एका ओळखीच्या पोराने गाठलं. त्याने नवा टीव्ही घेतला आहे, बॉक्सिंगचं वेड जुनं आहे, पण खिसा आपल्यासारखाच. "दादा, मोठ्या लढतीचं तिकीट घेऊ का महिन्याचंच भरू?" उभ्याउभ्या जे सांगितलं ते अर्धवट राहिलं. दोन्ही करून पाहिलं आहे, म्हणून इथे नीट लिहितो. तिकीट म्हणजे पीपीव्ही, एका लढतीपुरते वेगळे पैसे; महिना म्हणजे ॲपचे दर महिन्याचे पैसे. ॲप कसं टाकायचं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

मी कोणत्या जागेवरून बोलतो तेही सांगतो, म्हणजे माझं म्हणणं तोलून घेता येईल. मी कास्तकार. शाळेत असताना विभागीय स्पर्धेपर्यंत खेळलो, पुढे जमलं नाही. आता सायंकाळी गावातली सात-आठ पोरं आणि दोन पोरी शाळेमागच्या लिंबाखाली येतात. पोत्यात जुने कपडे आणि सरकी दाबून भरलेली एक बॅग आहे, ग्लोव्हजच्या तीन जोड्या आहेत. नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 साली पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण आणलं, बुलढाणा जिल्ह्यातल्या अनंता चोपडेने 2019 मध्ये इंडोनेशियात प्रेसिडेंट्स कपचं सुवर्ण घेतलं. त्यामुळे आपल्याकडचं लेकरूही तिथवर जाऊ शकते, हे या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. त्यांना दाखवायला लागते ती चांगली लढत. थांबवून, मागे नेऊन, पाय कुठे पडला ते दाखवत. माझं बघणं हे असं आहे. नुसती मजा म्हणून बघणाऱ्याचा हिशोब थोडा वेगळा निघेल.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मेवेदर आणि पॅकियाओची लढत आठवा, 2015 च्या मे महिन्यातली. आपल्याकडे रविवारी सकाळी सोनी सिक्सवर लागली होती. मी ती चहाच्या हॉटेलात उभं राहून पाहिली, वर एक रुपया लागला नाही. त्याच लढतीला अमेरिकेतला माणूस 90 ते 100 डॉलर मोजत होता, आणि तरी 46 लाख घरांनी ती विकत घेतली. तिकडे 1991 मध्ये होलीफील्ड-फोरमन लढतीला 35-40 डॉलर पडले होते, 1997 मध्ये टायसन-होलीफील्डच्या दुसऱ्या लढतीला 50 च्या घरात. म्हणजे भाव चढता आहे तो आजचा नाही. बॉक्सिंगला क्रिकेटसारखं एक मंडळ नाही, एक वेळापत्रक नाही. प्रत्येक मोठी लढत हा स्वतंत्र सौदा असतो, आणि खेळाडूचं मानधन बहुतेक वेळा तिकीटविक्रीतूनच निघतं. मोठं नाव आलं की मानधन वाढतं, आणि ते शेवटी बघणाऱ्याकडून वसूल होतं. तिकडच्या वाहिन्यांपैकी एचबीओने 2018 अखेर बॉक्सिंग सोडलं, शोटाइमने 2023 अखेर. वर्गणीत चांगल्या लढती दाखवणारी दोन मोठी घरं बंद झाली. डाझोन हे खेळांचं ॲप 2018 मध्ये अमेरिकेत 9.99 डॉलर महिन्याने आलं तेव्हा तिकीटपद्धत संपली असं वाटलं होतं. पुढच्याच वर्षी महिना 19.99 झाला, आणि 2022 मध्ये कनेलो-बिव्होल लढतीला वर वेगळं तिकीटही लागलं.

तर आपल्यापुढे आज मुख्य वाटा दोन. एक म्हणजे बॉक्सिंगला वाहिलेलं ॲप घ्यायचं आणि मोठ्या लढतीला वेगळं तिकीट काढायचं. दुसरी म्हणजे नेटफ्लिक्ससारखं घरातल्या सगळ्यांसाठी असलेलं ॲप घ्यायचं आणि वर्षातून ज्या दोन-चार लढती त्यावर येतील त्यातच समाधान मानायचं.

पहिल्या वाटेची बाजू मी मनापासून मांडतो, कारण खेळ खरा तिथेच आहे. बिव्होल आणि बेतरबिएव्हच्या दोन्ही लढती, 2024 चा ऑक्टोबर आणि 2025 चा फेब्रुवारी, माझ्या मते त्या काळातलं सर्वांत शुद्ध बॉक्सिंग. दुसऱ्या वाटेवर त्या नव्हत्याच. मुख्य लढतीआधी ज्या चार-पाच लढती होतात, त्यांत उद्याचे खेळाडू दिसतात. ज्याला हा खेळ वर्षभर, आठवड्याच्या आठवड्याला बघायचा आहे त्याला या वाटेशिवाय गत्यंतर नाही, हे मान्यच करायला पाहिजे.

पण आमच्या गावात ती वाट कुठे अडली ते ऐका.

2024 चा मे महिना. फ्युरी आणि उसिक, रियाधमध्ये. लेनॉक्स लुईसनंतर जवळपास 25 वर्षांनी हेवीवेटचा एकच निर्विवाद विजेता ठरणार होता. ही लढत जगभर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या कंपन्यांनी विकली. आम्ही नऊ जणांनी वर्गणी काढली. तिकीट काढायला बसलो तर तिथे यूपीआय चालेना. माझं कार्ड सहकारी बँकेचं, बाहेरच्या देशात पैसे भरायला बंद. शेवटी पुण्याच्या चुलतभावाला फोन केला. त्याने त्याच्या क्रेडिट कार्डावर, त्याच्या नंबरावर खातं उघडून तिकीट काढलं. परदेशी चलनाचा वरचा खर्च म्हणून बँकेने दोन-तीन टक्के अजून लावले, ते नंतर कळलं. त्याने ते मागितले नाहीत, तो भाग वेगळा.

रियाधची लढत आपल्याकडे पहाटे चारच्या आसपास सुरू होते. उकाडा एवढा की आम्ही टीव्ही अंगणात काढला होता. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळं चालू होतं. पाचव्या फेरीपासून फ्युरी चढला होता, सातव्यापर्यंत पोरांनी त्याला जिंकवूनही टाकलं होतं. आठवी फेरी अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे टीव्ही दोन मिनिटांत परत लावला. पण लाईट गेली की आमच्या टॉवरची बॅटरी जेमतेम तग धरते, त्या रात्री तिने तेवढाही धरला नाही. मोबाईलवर एकही काडी नाही. दहा मिनिटांनी रेंज आली, ॲप उघडलं, तर ते नव्याने नंबर मागू लागलं.

"दादा, ओटीपी मांगून राह्यला."

ओटीपी गेला होता पुण्याला. भाऊ झोपेत. मी फोन लावतो, रिंग जाते, कोणी उचलत नाही. अंगणात नऊ जण उभे, टीव्हीवर सहा चौकोन आणि खाली उलटी मोजणी. वेळ संपला की नवा कोड, पुन्हा पुण्यालाच. शेवटी वहिनीचा नंबर शोधला, तिने त्याला उठवलं, त्याने अर्धवट झोपेत आकडे सांगितले, त्यातला एक चुकला. चित्र आलं तेव्हा दोघे रिंगच्या मधोमध उभे होते आणि पंचाने उसिकचा हात वर केला.

नववी फेरी आम्ही पाहिलीच नाही. त्या फेरीत उसिकने फ्युरीला दोरांवर या बाजूने त्या बाजूला फेकलं, पंचाने मोजणी केली आणि घंटेने त्याला वाचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा पाहिली, पण निकाल माहीत असताना पाहणं म्हणजे निवलेली भाकर. वर्गणी दिलेल्या एका पोराने विचारलं, "दादा, पैसे आपले अन् नंबर त्याचा, असं कसं?" त्यात मला सगळं कळलं. दोष ॲपचा म्हणणार नाही, भावाचा तर अजिबात नाही. लाईटचा थोडा, टॉवरचा थोडा. पण ज्याच्या कार्डावरून पैसे जातात त्याच्या खिशात चावी राहते, आणि तिकीट एका रात्रीचं असलं की ती रात्र पुन्हा मिळत नाही. महिना भरलेला असेल तर निदान पुढच्या लढतीला उरतो.

आता दुसरी वाट. मी घेतलं तेव्हा नेटफ्लिक्सचा मोबाईलचा प्लॅन 149 रुपये महिना होता, टीव्हीवर चालणारा सगळ्यांत साधा 199. यूपीआयवर भरता येतो, तेही माझ्याच खात्यातून, माझ्याच नंबरावर. त्या रात्रीनंतर मला हे फार मोठं वाटलं. 149 चा प्लॅन फक्त मोबाईल आणि टॅबवर चालतो, टीव्हीवर नाही. एकट्याने बघणार असाल तर तो पुरे, अंगणात बसणार असाल तर 50 रुपये जास्त घाला. महागडे प्लॅन मी घेतले नाहीत. आमच्या रेंजमध्ये एवढं मोठं चित्र तसंही येत नाही, आणि साध्या चित्राला डेटा कमी लागतो. रोजच्या दीड जीबीत चार तासांचा कार्यक्रम बसवायचा तर याचा फायदा होतो, असा माझा अनुभव.

लढती किती? कमी, खरंच कमी. नोव्हेंबर 2024 मध्ये टायसन आणि जेक पॉल. आपल्याकडे शनिवारची सकाळ, विधानसभेच्या प्रचाराचे भोंगे फिरत होते. 58 वर्षांचा टायसन बघून जीव हळहळला. ती लढत बॉक्सिंग म्हणून मला नाही आवडली, आणि चित्र अडकल्याच्या तक्रारीही त्या दिवशी जगभरातून आल्या. पण त्याच कार्यक्रमात आपला नीरज गोयत लढून जिंकला, आणि केटी टेलर-अमांडा सेरानो ही लढत आमच्या दोन्ही पोरींनी श्वास धरून पाहिली. 2025 च्या जुलैमध्ये त्या दोघी तिसऱ्यांदा भिडल्या, त्या वेळी सगळा कार्यक्रमच बायांचा होता. धाकटी तेव्हापासून उजवा हात हनुवटीवरून खाली सोडत नाही. दोन महिने मी तेच सांगत होतो.

आणि मग 14 सप्टेंबर 2025. पितृपक्षातला रविवार. लास वेगासला कनेलो आणि क्रॉफर्ड. अशी लढत पूर्वी तिकिटाशिवाय बघायला मिळाली नसती, ती 199 च्या महिन्यात आली. वरून एक पैसा नाही. लाईट त्या दिवशीही गेली होती, तिसऱ्या की चौथ्या फेरीत. रेंज आल्यावर मी ॲप उघडलं, कोणी काही विचारलं नाही, लढत समोर. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावली. क्रॉफर्ड डावखुऱ्या पवित्र्यात उभा राहून पुढचा पाय कनेलोच्या पुढच्या पायाच्या बाहेर कसा ठेवतो, ते पोरांना दहा वेळा मागे नेऊन दाखवलं. पुढचे पंधरा दिवस लिंबाखाली तेच चाललं, काडीने मातीत रेघ ओढून.

यात एक गोष्ट निवड करताना कोणी बोलत नाही, ती म्हणजे घड्याळ. अमेरिकेतली शनिवार रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ, मुख्य लढत साडेआठ-नऊच्या सुमारास. जनावरांचं करून, चहा घेऊन बसता येतं. रियाध आणि इंग्लंडच्या लढती आपल्या मध्यरात्रीनंतर, कधी पार पहाटे. नेटफ्लिक्सवरच्या ज्या लढती मी पाहिल्या त्या अमेरिकेतल्या. शेतीच्या माणसाला पहाटे चारला उठून परत सहाला वावरात जाणं वर्षातून एकदा जमते, दर महिन्याला नाही.

बाकीचे मार्ग थोडक्यात. डिशवरच्या स्पोर्ट्स पॅकच्या भरवशावर बॉक्सिंगसाठी राहू नका, तो 2015 चा काळ गेला. ऑलिम्पिकचं बॉक्सिंग पॅरिसच्या वेळी जिओ सिनेमावर फुकट होतं, तसं मिळालं तर जरूर बघा. जुन्या पूर्ण लढती त्या भरवणारे मोठे प्रवर्तक स्वतःच यूट्यूबवर टाकतात. शिकायला त्याहून स्वस्त काही नाही, आणि बिव्होल-बेतरबिएव्हची उणीव मी उशिराने, निवडक क्षण बघूनच भरून काढतो. पूर्ण भरत नाही. टेलिग्रामवरच्या फुकट लिंका मात्र पोरांच्या हातात देऊ नका. एक चित्र उघडायला सट्ट्याच्या चार जाहिराती दाबाव्या लागतात, आणि आमच्या भागात त्या सट्ट्याने काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे.

यवतमाळात किंवा नागपुरात राहत असाल, घरात फायबरची लाईन असेल, हातात स्वतःचं क्रेडिट कार्ड असेल आणि रात्र जागायची तयारी असेल, तर माझं ऐकू नका. बॉक्सिंगचं ॲप घ्या, वर्षातून एखादं तिकीट काढा, तुम्हाला माझ्यापेक्षा खूप जास्त बघायला मिळेल. खेड्यात असाल, लाईट-रेंजचा भरवसा नसेल आणि बघणारे चार-पाच जण असतील, तर मला तरी 199 बरे वाटतात. वर्षभर सलग भरायचीही गरज नाही. लढत जाहीर झाली की त्या महिन्याचं भरायचं, झाल्यावर बंद करायचं. यूपीआयचा ऑटोपे मात्र आठवणीने रद्द करा, नाहीतर सोयाबीनच्या पैशातून गुपचूप जात राहतो.

त्या बाजारातल्या पोराला तेवढंच सांगायचं राहिलं होतं. खातं कशाचंही काढ, तिकिटाचं असो की महिन्याचं. नंबर त्या माणसाचा टाक, जो त्या रात्री टीव्हीसमोर बसणार आहे.