बचत गटाचं कर्ज घ्यावं की फायनान्सचं?

दोन्ही कर्जं मी घेतली आणि फेडली आहेत, तीही एकाच धंद्यासाठी, बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या. त्यामुळे आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडच्या बाया मला हटकून विचारतात, कोणतं घेऊ? गट म्हणजे बचत जमवून आपसात कर्ज देणाऱ्या आणि बँकेकडूनही कर्ज घेणाऱ्या गावातल्या बायांचा बचत गट. फायनान्स म्हणजे बायांना छोटी कर्जं देणारी मायक्रोफायनान्स कंपनी. तिचा हप्ता सगळ्या कर्जदार बायांनी एकत्र बसून भरायचा, तीच मीटिंग.

फायनान्सवाल्यांचं एक मान्य करायलाच हवं, पैसा लवकर येतो. कागदपत्रं घेतात, घर बघून जातात, नवऱ्याची नाहीतर पोराची सही होते आणि थोड्याच दिवसांत रक्कम खात्यावर पडते. गटाला एवढ्यात कोण देतं! गट निदान सहा महिने नीट चाललेला हवा, वह्या पुऱ्या हव्यात, ठराव हवा. त्यानंतर फाइल बँकेत जाते आणि तिथे साहेब रजेवर असतात. आमची फाइल एका शाखेत स्वस्त ज्वारीचे दिवस सरेपर्यंत पडून राहिली, म्हणून त्या वर्षी मी फायनान्सचा रस्ता धरला.

व्याजाचं सगळ्यांना माहीतच असतं. उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) महिला गटाला ३ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावर ७ टक्के, तर फायनान्सचं साधारण वीसच्या वरच, शिवाय फी आणि विमा वेगळा. पण गटाच्या स्वतःच्या बचतीतून, गटातल्या गटात आपण शेकडा २ रुपये महिन्याने उचलतो, त्याचे वर्षाचे २४ टक्के होतात, हे कोणी बोलत नाही. दर बघितला तर कंपनीच्याच तोडीचा. फक्त ते व्याज गटाच्याच खात्यात राहतं आणि पुढच्या बाईला कर्ज म्हणून मिळतं. म्हणून मला ते कधी खुपलं नाही.

खुपली ती मीटिंगची वेळ.

ज्यांनी बिबडे केले आहेत त्यांना सांगायला नको. ज्वारी आधीपासून भिजत घातलेली असते. पहाटे चूल पेटवून त्या ज्वारीचा घट्ट घाटा शिजवायचा, तीळ-मिरची-लसूण घालायचं आणि खाटेवर ओलं धोतर पसरून गरम गरम थापायला बसायचं. घाटा निवला की बिबडं कडेला फाटतं, आणि ऊन चढायच्या आत थापून झालं नाही तर त्या दिवशी वाळायला पुरेसं ऊन मिळत नाही. फायनान्सची मीटिंग नेमकी त्याच वेळेला. बरं, आपला हप्ता देऊन उठावं तर तेही नाही. सगळ्यांचे पैसे जमा होईपर्यंत कोणी हलायचं नाही. एकीचा नवरा पैसे घेऊन येतोय म्हणे. त्याची वाट बघत आम्ही सगळ्या ओट्यावर बसलेल्या, आणि घरी माझी सासू एकटी घाट्याशी झगडतेय. कापसाच्या दिवसांत तर आणखी वाईट. शेजारची बाई म्हणाली, ‘दादा, माले वावरमा जानं शे,’ म्हणजे मला शेतात जायचंय, तर कंपनीचा वसुलीवाला पोरगा मोबाइलमधून मान वर करेना. वेचणीची मजुरी किलोवर असते. उशिरा पोचलं की तेवढा कापूस दुसरीने वेचलेला असतो. हप्त्यापायी बुडालेली ही मजुरी कंपनीच्या कुठल्याच कागदावर दिसत नाही.

शिवाय हप्ता दर आठवड्याला. बिबडे चैत्र-वैशाखात होतात आणि विकले जातात पुढे वर्षभर, सुटे सुटे. शेळी घेतली तरी तीच गत, करडू मोठं व्हायला महिने लागतात, हप्ता मात्र लगेच सुरू. म्हणजे कर्ज धंद्याचं आणि हप्ता मजुरीतून. दोघी-तिघींनी एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढलेलं मी पाहिलंय.

गटात सगळं गोड असतं असं नाही हं. आमच्याकडे अध्यक्ष आणि सचिवबाई एका लग्नातल्या मानपानावरून बोलेनाशा झाल्या, त्यात दोन बैठका गेल्या. वह्या लिहायला कोणी तयार नसतं, ते काम शेवटी शिकलेल्या सुनेच्या गळ्यात पडतं. हप्ता थकला की टोमणेही बसतात. पण बैठक महिन्याला एकदा, तीही रात्री भाकरी झाल्यावर. एखादीला जमलं नाही तर दंड लावून पुढच्या महिन्यावर ढकलता येतं, कारण अडचण खरी की खोटी हे समोरच्या बाईला माहीत असतं.

तुमचा गट मोडकळीला आला असेल किंवा दवाखान्याचा खर्च दारात उभा असेल तर फायनान्स घ्या, मी नाही म्हणणार नाही. शहरात दुकान असेल, रोज गल्ला येत असेल, तर आठवड्याचा हप्ता कदाचित जाचणारही नाही. हंगामी धंद्याला आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईला मात्र मला गटाचंच बरं वाटतं, फाइलला उशीर होतो हे धरूनही. तो उशीर टाळायचा तर दिवाळीतच ठराव करून फाइल टाका, म्हणजे ज्वारी घ्यायच्या वेळेपर्यंत पैसा हातात येण्याची आशा असते.

आणि फायनान्सच घ्यायचं ठरलं तर सही करण्याआधी दर, फी, विमा लिहिलेला कागद मागा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो. वसुलीची जागाही दोघांच्या संमतीने ठरवायची असते. तेव्हाच वेळेचंही बोलून घ्या आणि हप्ता महिन्याचा मागून बघा. पहिल्या मीटिंगनंतर कोणी ऐकत नाही.