नव्या मशीनवरचं ग्रीस काढायला रॉकेल की टर्पेंटाइन?

नवा चक (लेथवर काम धरून फिरवणारा भाग), शेगडा (काम आवळून धरणारा व्हाइस) किंवा सरफेस प्लेट (मोजमापासाठीची सपाट पाटी) खोक्यातून बाहेर काढली की अंगावर ते पिवळट-तपकिरी, मेणचट ग्रीस थापलेलं असतंच. ते वंगण नव्हे, प्रवासात गंज चढू नये म्हणून दिलेला थर. तसंच काम सुरू केलं तर कीस आणि धूळ त्यात रुतते आणि स्लाइड, म्हणजे मशीनचे सरकणारे भाग, घासत राहते. काढायला तर हवंच.

पेट्रोल आणि एनसी थिनर (रंग पातळ करायचं द्रावण) मी यादीतच धरत नाही. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते, आणि थिनर ग्रीसबरोबर बॉडीचा रंगही घेऊन जातो. डब्ल्यूडी-४० हा डब्यातला तेलाचा फवारा चांगला आहे, पण अख्ख्या लेथला फवारा पुरवणं खिशाला झेपत नाही. उरलं रॉकेल आणि रंगवाल्याकडे मिळणारं मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ. दोन्ही मी वापरलंय.

ग्रीस सोडवण्यात रॉकेल कमी नाही. जुने फिटर त्याचीच शपथ घेतात आणि त्यांचं चुकत नाही. थोडं मुरू दिलं की जाड थरही ब्रशने सुटतो, हळू उडत असल्यामुळे हात निवांत चालवता येतो. मात्र घ्यायचं ते खुल्या बाजारातलं पांढरं. रेशनचं निळं रॉकेल १९९३ च्या आदेशानुसार स्वयंपाक आणि दिवाबत्तीसाठीच आहे. पांढरं आता प्रत्येक गावात सहज मिळतंच असंही नाही.

माझं घोडं अडलं ते ओशटपणावर. रॉकेल पुसलं, पुन्हा पुसलं, कोरडी चिंधी फिरवली, तरी बोट लावलं की तेलकट. सरफेस प्लेटवर तर हे फारच जाणवायचं. सकाळी बघावं तर रात्रीची सगळी धूळ त्या थरावर चिकटलेली, हाइट गेज (प्लेटवर सरकवून उंची मोजायचं साधन) सरकवताना खरखर. शेगड्याच्या जबड्यावरचा ओशटपणा जॉबला, म्हणजे धरलेल्या तुकड्याला, लागायचा आणि मग त्यावर मार्किंगची निळी शाई धरेना; रेघ मारावी तिथून ती सुटून यायची. शिवाय वास. घराला लागून वर्कशॉप असेल तर रॉकेलचा वास जेवणाच्या ताटापर्यंत येतो, आणि त्यावर घरात काय ऐकावं लागतं ते मी इथे लिहीत नाही.

टर्पेंटाइन तेवढ्याच सहज ग्रीस सोडवतं, आणि वाळलं की बोटाला जवळजवळ काही लागत नाही. वास त्यालाही आहे, पण दारं-खिडक्या उघडल्या की तो लवकर जातो. लिटरमागे महाग पडतं खरं. मी आधी मशीन उन्हात ठेवून ग्रीस मऊ करतो, लाकडी पट्टीने खरवडून घेतो, मग टर्पेंटाइनला हात लावतो. त्यामुळे ते थोडक्यात भागतं. पहिल्या धुण्याचं गढूळ टर्पेंटाइन डब्यात झाकून ठेवलं की माती तळाला बसते, वरचं पुढच्या वेळी पहिल्या हाताला चालतं.

एक बाब रॉकेलच्या बाजूने सांगायला हवी. तोच ओशटपणा लोखंडाला थोडा वेळ सांभाळतो. टर्पेंटाइनने पुसलेलं ओतीव लोखंड अगदी उघडं पडतं; कोकणातल्या पावसाळ्यात ते तसंच रात्रभर ठेवलं तर सकाळी तांबूस छटा दिसलीच म्हणून समजा. म्हणून वाळल्याबरोबर स्लाइडवर ६८ नंबरचं (हा तेलाच्या दाटपणाचा नंबर) स्लाइडवे ऑइल आणि बाकी उघड्या भागावर हलक्या तेलाचा हात. मोठ्या लेथचा बेड धुऊन लगेच तेलात चालवायचा असेल तर रॉकेलला नाही म्हणायचं मला तरी कारण दिसत नाही. मोजमापाच्या आणि मार्किंगच्या सामानाला मात्र मी ते आता लावत नाही.

आगीच्या बाबतीत दोघांत फार फरक करू नये. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो, प्रमाणाप्रमाणे किमान ३५ अंश, टर्पेंटाइनचा त्याच्याच आसपास, जरा खालीच. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा त्याच्या वर असतो. तेव्हा धुताना ग्राइंडर आणि वेल्डिंग बंद, काम सकाळी, आणि एअर गनने फवारा उडवायचा नाही. ते धुकं नाकात जातं आणि ठिणगीही पकडतं. हातमोजे नायट्राइलचे घ्या, साधं रबर फुगतं. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि उरलेला गाळ गटारात न ओतता वापरलेलं ऑइल नेणाऱ्याकडे द्या.