तुर्भ्यातलं ब्रेकचं गॅरेज: आवाज नेमका शोधतात

गाडीचे मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) बदलल्यावर आवाज येत असेल तर तुर्भे एमआयडीसीतलं हे गॅरेज उत्तम. लगेच ड्रम (चाकाबरोबर फिरणारा वाटीसारखा भाग) उघडत नाहीत. हँडब्रेक सोडून, चाक उचलून आधी हाताने फिरवतात. फेऱ्यात एकदाच घासलं तर बहुधा ड्रम गोल राहिलेला नसतो. सतत घासलं तर शू-ड्रममधलं अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर जास्त ताणलेला किंवा शू जिच्यावर बसतात ती बॅकप्लेट वाकलेली. ब्रेक दाबताना कुरकुर झाली तर शू जिथे बॅकप्लेटला टेकतो ते उंचवटे कोरडे असतात. तिथे उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावतात, लायनरला (शूवरच्या घासणाऱ्या थराला) थेंबही लागू देत नाहीत. फार सुरेख हात! ड्रमवर लिहिलेल्या कमाल व्यासापलीकडे लेथ मारायला (ड्रम आतून तासायला) ठाम नकार, हे सर्वांत पटलं. पावसाळ्यातली सकाळची खरखर गंजाची, दोन-चार ब्रेकनंतर जाते. तिचे पैसे घेत नाहीत. शनिवारी गर्दी असते.